तू लढायचीस

आई,

मला कुणी विचारलं की तुझी आई काय करायची, तर मी सांगते, लढायची. ऐकणारे समजुतीने मान हलवतात. संसाराशी, परिस्थितीशी, दुखण्याशी लढणाऱ्या आया घरोघरी असतात, तशीच तूही असशील असं त्यांना वाटतं. मग मला सांगावं लागतं, तसं नाही हो, काठीनं लढायची. पट्ट्यानं, विट्यानं, फरीगदग्यानं. मग समोरचा माणूस हातातला कॉफीचा पेला खाली ठेवतो आणि नीट सरसावून बसतो. तो क्षण मला फार आवडतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्याबद्दलच्या एका वाक्यानं लोकांना पेला खाली ठेवायला लावता येतं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

तू कोल्हापूरची, तालमीतल्या वस्तादांची लेक. तालमीचा उंबरा बायकांनी ओलांडायचा नाही असा तिथला रिवाज, म्हणून आजोबांनी तुला परसात शिकवलं, गोठ्याच्या भिंतीआड. हे सांगताना तू हसायचीस. ‘नाव मर्दानी खेळ, पर काठीला काय मिशा असत्यात व्हय?’ म्हणायचीस. आजोबांनी तुला आधी पाय शिकवले. पुष्कळ दिवस हातात काहीच दिलं नाही, नुसते पवित्रे घालायला लावले. पुढं, मागं, बाजूला, वळून, आणि परत. मग काठी, मग वेताचा गदगा आणि कातड्याची फरी, म्हणजे छोटी ढाल. मग दोर बांधलेला भाला, तो विटा. फेकायचा आणि दोरानं परत ओढून घ्यायचा, म्हणजे लढणाऱ्याचा हात रिकामा राहत नाही. आणि सगळ्यात शेवटी पट्टा. पट्ट्याची गोष्ट तू मला कितीतरी वेळा सांगितलीस. कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत हात गेला की मनगट संपतं आणि तलवार थेट खांद्यापासून सुरू होते. मनगटानं फिरवायला जाशील तर हात मोडून घेशील, सगळं अंग फिरलं पाहिजे. एकट्यानं चौघांना अंगाबाहेर ठेवायचं ते हत्यार आहे, असं तू सांगायचीस, आणि सांगता सांगता तुझा उजवा खांदा आपोआप किंचित खाली यायचा.

मग तुझं लग्न बाबांशी झालं. बाबा बंगळूरच्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर, पुण्यात शिकलेले, अबोल, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारे. आपल्याला के. आर. पुरमच्या अलीकडे कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. पट्टा तू आणला नाहीस, तो माहेरीच राहिला. काठ्या आणल्यास आणि फरीगदगा आणलास. बाबांना वाटलं, आठवण म्हणून आणलं असेल. वसाहतीत बायका तुला भाषा येत नाही म्हणून हसायच्या. तुझी मराठी पुण्याच्या बायकांना गावठी वाटायची आणि कन्नड तर तुझ्याजवळ नव्हतंच. स्वल्प, सरी, बेड, म्हणजे थोडं, बरं, नको, एवढ्या तीन शब्दांवर तू बाजार करायचीस आणि बाकी सगळं हातवाऱ्यांनी. मला आठवतं तेव्हापासून तू घरात फार बोलत नव्हतीस. पण सकाळी बाबा स्कूटरवरून गेले की मागच्या अंगणात दोरीवरच्या चादरींच्या आडोशाला तुझी काठी फिरायला लागायची आणि तिचा घुंऽऽ असा आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. इतर मुलांना कुकरच्या शिट्टीनं जाग यायची, मला त्या आवाजानं.

माझं शिक्षण स्वयंपाकघरात झालं. ते स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की ओट्यापाशी तू उभी असलीस तर मला दारातून आत यायला तिरकं व्हावं लागायचं. तू म्हणालीस, बरं आहे, जागा कमी असली की पाय खोटं बोलत नाहीत. मी ओट्यापासून दारापर्यंत पवित्रे घालते आहे आणि तू पोळ्या लाटते आहेस. मध्येच, माझ्याकडे न बघता, लाटणं माझ्या खांद्याच्या दिशेनं येतं. मी मागं सरले तर दाराची चौकट पाठीत बसते. मी आत, तुझ्या अंगाजवळ सरले तर लाटणं हवेतून निघून जातं. ‘बघ,’ तू म्हणतेस, ‘भ्यालं की माणूस मागं जातंय. मागं कायम भिंत असती. वार ज्येच्या हातात हाय त्येच्याजवळ जा, तिथं जागा असती.’ आणि पोळी उलटतेस. मी हे वाक्य आज मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत सांगते, पण तव्याचा वास नसला की ते अर्धंच वाटतं.

तुझा एक राग मला अजून जसाच्या तसा आठवतो. गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी काठी फिरवली होती. पाठीमागून, पायाखालून, मानेवरून, शेवटी तर उंच उडवून झेलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी नारळ दिला. मी धावत तुझ्याकडे आले तर तुझं तोंड उतरलेलं. आपण घरी आलो. अंगणात आल्यावर म्हणालीस, ‘कुणासाठी फिरवलीस?’ मी म्हणाले, सगळ्यांसाठी. ‘सगळ्यांस्नी तुझी पाठ दिसली. फेकून झेललीस तवा हात मोकळं हुतं, त्येवढ्यात मेली असतीस.’ मी रडायला लागले. मी म्हणाले, तिथं कोण मारणार होतं मला? तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि आवाज खाली आणून म्हणालीस, ‘कोण न्हाई. पर काठीला ते ठावं नसतंय. तिला जे शिकवशील तेच ती करणार.’ मग पदरानं माझं नाक पुसलंस आणि नारळ फोडून खोबरं दिलंस. मला वाटतं, काठी हे खेळणं नाही हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पापाजींबद्दल मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते. यंत्रशाळेत सुपरवायझर असलेले ते उंच सरदारजी, सगळी वसाहत त्यांना पापाजी म्हणायची. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात ते गुरुद्वारातल्या चार मुलांना गतका, म्हणजे शिखांचा ढाल-काठीचा खेळ, शिकवायचे. तू भाजीची पिशवी घेऊन मला सोबत घेऊन चालली होतीस. मैदानाच्या कडेला थांबलीस. ते सगळे आधी जमिनीवर मांडलेल्या शस्त्रांपुढे वाकले, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि मग ढाल-काठी उचलली. तू माझा हात सोडलास. तू नुसती बघत होतीस असं तुला वाटत होतं, पण पापाजींनी खेळ थांबवला आणि लांबूनच म्हणाले, ‘भैणजी, आपके पैर चल रहे हैं.’ तू खाली पाहिलंस. खरंच, चपलांमधले तुझे पाय धुळीत पवित्रे घालत होते. तू लाजलीस. मी तुला एवढी लाजलेली पुन्हा कधी पाहिली नाही. ते जवळ आले, कसला थट्टेचा सूर नाही, आणि त्यांनी विचारलं, ‘कहाँ से हैं?’ तू म्हणालीस, ‘कोल्हापूर.’ ते म्हणाले, ‘अच्छा!’ आणि आपल्या हातातली ढाल तुझ्यापुढे धरली. तू म्हणालीस, ‘फरी.’ ते म्हणाले, ‘फर्री.’ तू काठीकडे बोट दाखवून म्हणालीस, ‘गदगा.’ ते म्हणाले, ‘गतका.’ आणि दोघंही हसायला लागलात, हरवलेला चुलतभाऊ बाजारात भेटावा तसे.

मग तुम्ही खेळलात. तूसुद्धा आधी वाकून मातीला हात लावलास, कपाळाला लावलास, आणि ते पाहून पापाजी गंभीर झाले. सुरुवातीला ते सावकाश वार करत होते, बाईमाणूस म्हणून. तुझा पहिला वार त्यांच्या ढालीवर असा बसला की त्यांनी पाऊल बदललं. मग ते खरं खेळायला लागले. माणसं जमली. दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. पापाजींचा हात लांब, तुझा पाय चपळ. ते वरून यायचे, तू आत शिरायचीस. एकदा त्यांनी खालून मनगटावर असा वार केला की गदगा तुझ्या हातातून उडाला आणि लांब जाऊन पडला. लोक हसले. तू हसली नाहीस. गदगा उचलून आणलास, तोच वार पुन्हा करायला लावलास, मग पुन्हा, आणि समजल्यावर त्याच वारानं त्यांचाही गतका उडवलास. ‘वाह!’ पापाजी ओरडले, स्वतःची काठी उडाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि नेमके तेव्हाच बाबा स्कूटरवरून आले. गर्दी बघून थांबले आणि मधोमध कोण आहे ते त्यांना दिसलं. मी घाईघाईनं भाजीची पिशवी उचलली. ऑफिसरची बायको, भर मैदानात, सरदारजीबरोबर काठ्या. बाबा खेळ संपेपर्यंत बघत उभे राहिले, मग आपण घरी आलो. चहा झाला, चष्मा पुसून झाला. मग ते म्हणाले, ‘पुढच्या रविवारी साडी नीट खोचून जा. पदर मध्ये येत होता. त्या वेळी एक वार त्याच्यामुळे चुकला.’ तू ओट्याकडे तोंड करून उभी होतीस, पण मला बाजूनं तुझा चेहरा दिसत होता.

त्यानंतरचे रविवार माझ्या लहानपणाचे सगळ्यात चांगले दिवस आहेत. पापाजी पैंतरा म्हणायचे, तू पवित्रा. ते त्यांच्याकडच्या चक्कराबद्दल सांगायचे, चाकासारखे आरे, टोकांना बांधलेले गोळे, मधोमध धरून गरागरा फिरवायचं. जत्रेत लोक तोंडात बोटं घालतात, पण ते मूळचं वेढा पडल्यावर अवतीभवती जागा मोकळी करायचं साधन आहे. तू म्हणायचीस, आमची काठीबी त्यासाठीच फिरती. त्यांनी सांगितलं, गतका म्हणजे मुळात तलवारीचा सराव. रोज खऱ्या तलवारीनं सराव केला तर लढायला कोण उरणार, म्हणून काठी. मोर्च्यात, मिरवणुकीत नाचवायची वस्तू ती नंतर झाली. डोळे बांधून नारळ फोडणं, माणसाच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापणं, हा सगळा नुसता देखावा, यावर तुम्हा दोघांचं एकमत होतं. ‘लिंबू कापायला हरकत न्हाई,’ तू म्हणायचीस, ‘पर लिंबू उलटा वार करत न्हाई.’ मला हे हिंदीत करून पापाजींना सांगावं लागायचं आणि ते मांडीवर थाप मारून हसायचे.

मी दहावीत होते त्या वर्षी ती संध्याकाळ आली. कारखान्याच्या मागच्या फाटकातून के. आर. पुरम स्टेशनकडे जाणारी पायवाट होती. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी आणि रूळ. जोडणी विभागातल्या बायका पाळी सुटली की त्या वाटेनं गाडी पकडायला जायच्या. त्या सुमारास तिथे गळ्यातली सोनसाखळी ओढायचे प्रकार सुरू झाले होते. आपल्या शेजारणीची बहीण त्याच विभागात होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. तिच्या गळ्यावर एकदा तांबडा वळ उठलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तू रोज तिला स्टेशनपर्यंत पोचवायला जायला लागलीस, खांद्याएवढी बांबूची काठी घेऊन. कुणी विचारलं तर ‘कुत्र्यांसाठी’ म्हणायचीस. त्या दिवशी मी हट्टानं सोबत आले होते.

दिवेलागणीची वेळ. बाभळींतून तिघंजण वाटेवर आले. एकाच्या हातात सायकलची साखळी, एकाच्या हातात सळई, तिसरा मोकळा. अक्का माझा दंड घट्ट धरून म्हणाली, ‘अक्का, बेड, होगोणा,’ नको, परत जाऊया. तिला तू अक्का आणि तुला ती अक्का. तू मागं न बघता म्हणालीस, ‘पाठ भिंतीला लावा दोघींनी.’ आम्ही लावली. आणि तू मात्र भिंतीपासून दूर, वाटेच्या मध्यावर गेलीस. मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. मग तुझी काठी फिरायला लागली आणि तो सकाळचा आवाज आला, घुंऽऽ. ते हसले. एकजण कन्नडमध्ये काहीतरी बोलला, नाच म्हणाला बहुतेक. पण हसता हसता तिघंही दोन पावलं मागं सरले होते. मला भिंतीशी उभ्या उभ्या कळलं, गोल फिरणारी काठी कशासाठी असते ते. ती कुणाला मारत नव्हती. ती जागा आखत होती. त्या वर्तुळाच्या आत अक्का होती, मी होते.

साखळीवाला आधी आला. त्यानं साखळी भिरकावली आणि तू काठी थांबवून उभी धरलीस. साखळी काठीला खडखडत गुंडाळली गेली. त्याला वाटलं, सापडली. त्यानं जोरात आपल्याकडे ओढलं. तू धरून ठेवलं नाहीस, तू ओढू दिलंस, काठीबरोबर स्वतः आत गेलीस आणि त्याच्याच ओढीनं काठीचं टोक त्याच्या छातीत बसलं. तो बसकण मारून खाली. तोवर सळईवाला बाजूनं आला होता. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. तू वळलीस आणि खालून, मनगटावर वार केलास, आणि सळई रुळांकडच्या खडीत जाऊन खणखणली. तो वार कोल्हापूरचा नव्हता. तो पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानातला होता. तिसरा केव्हाच बाभळींत पळाला होता. सळईवाला मनगट पोटाशी धरून त्याच्यामागं गेला. खाली बसलेल्याच्या गळ्याच्या खळगीवर तू काठीचं टोक टेकवलंस. नुसतं टेकवलंस. त्या क्षणी तू त्याचं काहीही करू शकली असतीस, हे त्याला कळलं होतं आणि मलाही. तू एकच शब्द बोललीस, बहुधा तुझा चौथा कन्नड शब्द: ‘होगु.’ तो गेला.

अक्काला आपण गाडीत बसवून दिलं. परत येताना तू माझ्याशी अभ्यासाबद्दल बोललीस. घरी आल्यावर मात्र तुला स्वयंपाकघराचा दिवा लावता येईना. तू जमिनीवर बसलीस. मी चहा केला, तो तू दोन्ही हातांनी धरून प्यायलीस तरी बशीत सांडला. मी विचारलं, आई, भीती वाटली? ‘वाटली की,’ तू म्हणालीस. ‘त्या पोराच्या छातीत टोक बसलं तवा जास्त वाटली. जरा वर बसलं असतं तर पोरगं मेलं असतं.’ मग थोड्या वेळानं, ‘तुझ्या वयापरास थोडाच मोठा असंल.’ तुला सगळ्यात मोठी भीती आपण मारून टाकू याची वाटली होती. हे मी अजून कुणाला नीट समजावून सांगू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोलीस चौकीत कळवलं आणि पापाजी सगळं ऐकायला आले. आपल्या बाहेरच्या खोलीत टीपॉय बाजूला सरकवून तुम्ही दोघांनी ती सगळी झटापट पुन्हा केली, मी साखळीवाला, बाबांचा कमरेचा पट्टा ही साखळी. पापाजींनी तुझं कौतुक केलं नाही. त्यांनी विचारलं, साखळी काठीला न गुंडाळता हातावर आली असती तर? तू म्हणालीस, तर काठी सोडली असती. त्यांनी मान हलवली. मग काय केलं असतं? यावर बराच वेळ वाद झाला, बाबाही मधे बोलले. बाहेर पडताना पायात बूट घालता घालता पापाजी मला म्हणाले, ‘पुत्तर, तेरी माँ खेली नहीं कल. लड़ी है. फ़र्क याद रखना.’ बशीत सांडलेल्या चहाचं आम्हा दोघींनाच माहीत होतं; आम्ही त्यांना कळू न देता एकमेकींकडे पाहिलं.

आठवडाभरात जोडणी विभागातल्या बायका दारात उभ्या राहिल्या. आम्हालाही शिकवा. वसाहतीच्या समितीला ते पसंत नव्हतं. मैदान खेळासाठी आहे, मारामारीसाठी नाही, असं कुणीतरी म्हणालं. बाबा, जे सभेत कधी तोंड उघडत नसत, ते उठून म्हणाले, ‘माझी बायको शिकवते. ज्यांची हरकत असेल त्यांनी मैदानावर येऊन तिला सांगावं.’ कुणीही आलं नाही. आणि तू, तीन शब्दांवर बाजार करणारी, त्या बायकांना शिकवता शिकवता कन्नड शिकलीस. आधी पाय, पाठ, खांदा, डावं, उजवं. मग घरचं, नवऱ्याचं, मुलांचं. तुझी कन्नड नेहमी थोडी आज्ञार्थीच राहिली, पण वसाहतीत तुझ्यावर हसणं त्या वर्षी बंद झालं.

माझ्या लग्नातलं रुखवत मात्र तू हट्टानं मांडलंस. चकल्या, करंज्या, कागदाचा सप्तपदीचा देखावा, आणि त्यांच्या मधोमध तुझी ती जुनी काळपट फरी आणि गदगा. माझ्या सासूबाईंनी विचारलं, ‘अय्या, हे काय, बसायचं आसन का?’ तू म्हणालीस, ‘न्हाई हो. हे तिचं हाय.’ एवढंच. सासरच्या जयनगरमधल्या घरात, जिथे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या पूर्वजांची गोष्ट प्रत्येक सणाला सांगितली जायची आणि घरात एक साधी काठीसुद्धा नव्हती, ती फरी मी दिवाणखान्यात लावली. सासरे रोज तिला बघायचे. मग एके सकाळी गच्चीवर येऊन म्हणाले, ‘स्वल्प मलाही दाखव ग.’

तू गेलीस ती तापाच्या निमित्तानं, चार दिवसांत. पापाजी तेव्हा निवृत्त झाले होते, काठी टेकत आले. तुला हार घालायच्या आधी खाली वाकले, अंगणातल्या मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. सामना सुरू करण्याआधी समोरच्याला जो मान द्यायचा तो दिला त्यांनी, हे आपल्या घरातल्या तिघांखेरीज कुणाला कळणार? त्यातली एक तू होतीस.

आता माझं ऐक. मी विमा कार्यालयातली नोकरी करून शनिवार-रविवारी सकाळी जयनगरच्या मैदानावर शिकवते. माझ्याकडे दुकानात काम करणाऱ्या मुली आहेत, शिक्षिका आहेत, संगणकवाल्या तर पुष्कळ. आधी पाय शिकवते. काहीजणी कंटाळून जातात, जाऊ देते. आता गतक्याच्या स्पर्धा होतात, गुण मिळतात, दिल्लीपर्यंत जाता येतं. माझ्या दोघी गुरुद्वारातल्या मुलांबरोबर सराव करून तिकडे खेळून आल्या. परवा महिला दिनाला एका मोठ्या कंपनीनं मला बोलावलं. त्यांना पाच मिनिटांचा कार्यक्रम हवा होता, मागे संगीत, धूर, शेवटी ट्यूबलाइट फोडणं. मी म्हणाले, ते मला येत नाही. मग काय येतं, त्यांनी विचारलं. मी त्या झगमगीत सभागृहातल्या सगळ्याजणींना उठवलं आणि म्हणाले, पाठ भिंतीला लावा. आधी हसल्या. मग मी काठी फिरवली आणि हसणं थांबलं. त्यांची सगळ्यात मोठी साहेबीण होती, साठीला आलेली, उंच टाचांची. तिनं बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि विचारलं, ‘मॅडम, पुढे यायचं की मागे?’ मी तिला तुझं लाटण्याचं वाक्य सांगितलं. ती पुढे आली. माझी काठी तिच्या कानावरून हवेत गेली आणि ती माझ्या अगदी जवळ उभी राहून लहान मुलीसारखी हसायला लागली. आई, तुझं हसू असं नव्हतं, पण तुला ते आवडलं असतं.

एक गोष्ट उरली. ती जिवंत माणसाला सांगता येत नाही, आणि हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. मी इतक्याजणींना लढायला शिकवते, पण मला स्वतःला आजवर एकदाही लढावं लागलेलं नाही. कधीच नाही. हे चांगलंच आहे, मुलींना मी तसंच सांगते. पण कधीतरी मैदानावरून घरी येताना एखादी गल्ली अगदी रिकामी असते, खांद्यावर काठी असते, आणि माझी पावलं हळू होतात. मला वाटतं, यावं कुणीतरी.